डावीकडची शिलाई
आमच्या मोठ्या जाऊबाई शिंपीण. गल्लीतल्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ. कोण किती सुटलंय, हे त्या बाईच्या नवऱ्याआधी जाऊबाईंना कळायचं. मी त्यांच्या हाताखाली काजं-बटणं करते आणि बोलणी खाते. सुई धरायलाही त्यांनीच शिकवलं मला.

मुलीच्या वेळी त्यांचं बीपी इतकं चढलं की झटके आले, पोर आठव्या महिन्यातच काढावी लागली. त्याला वीस वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांनी कुठेतरी वाचलं, की गरोदरपणात बीपी चढलेल्या बायकांना छातीचा कॅन्सर कमी होतो. झालं! मरता मरता वाचले त्याची ही भरपाई, असं सगळ्यांना सांगत सुटल्या. मीही मान डोलावली, मूर्ख मी.

परवा त्यांचाच ब्लाउज बटण लावायला माझ्याकडे आला. आतून डावीकडची शिलाई उसवून पुन्हा घातलेली. एकदा नाही, तीनदा. सुईच्या भोकांच्या जुन्या रांगा दिसत होत्या. उजवी बाजू जशीच्या तशी. दुसऱ्या बाईचं माप असं एकीकडेच वाढलं असतं, तर यांनीच तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. स्वतःचं मात्र सैल करून मोकळ्या!

ब्लाउज उलटा करून मी त्यांच्या पुढ्यात टाकला. चार महिने झाले म्हणाल्या, गाठ आहे, पण दुखत नाही.

"अगं, मला नाही होत ते."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. दुकानाला कुलूप घातलं आणि नेलं ओढत.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, काही अभ्यासांत तसं दिसलंय, सगळ्यांत नाही. आणि ते हजारो बायकांचं गणित.

"कमी म्हणजे नाहीच, असं नसतं. गाठ तपासायलाच हवी."

सुईने तुकडा काढला. रिपोर्ट उद्या आहे.

आज सकाळपासून त्यांना सुईत दोरा ओवता येत नाहीये. दुपारी त्यांनी मला आत बोलावलं आणि टेप हातात दिली.

"माप तू घे. मी घेतलं की मनासारखंच येतं."

मधल्या हाडापासून काखेपर्यंत, आधी उजवीकडे, मग डावीकडे. त्या भिंतीकडे बघत होत्या. डावीकडचा आकडा अर्धा इंच कमी सांगावा, असं फार वाटलं.

नाही सांगितला.