आत्याच्या भाऊबीजेच्या नोटा

आत्या, त्या नोटा तुझ्या हातून नाही, माझ्यामुळे खराब झाल्या.

हे तुला सांगायला मला चार वर्षं मिळाली होती. मी सांगितलं नाही.
काल सकाळी तू गेलीस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सुमन आत्या, माझ्या बाबांची धाकटी बहीण. ग्वाल्हेरच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. मुलांना दाखवायला देशोदेशीच्या नोटा जमवायची.

पण तिचा खरा खजिना वेगळा होता.

बाबा दर भाऊबीजेला तिच्या ताटात एक कोरी नोट टाकायचे. आधी एकाची, मग दोनाची, पुढे दहाची. तिनं त्यातली एकही खर्च केली नाही.
एक्केचाळीस नोटा. सगळ्या एका जुन्या ॲटलासच्या पानांत, बटर पेपर घालून ठेवलेल्या.

बाबा गेले, आणि आत्याला त्या नोटा रोज बघाव्याशा वाटायला लागल्या. हात न लावता.

मी तेव्हा दिल्लीत नोकरीला होतो. तिनं मला चिठ्ठी दिली, तिच्या त्या शाळेच्या अक्षरात. नोटांसाठी पॉलिएस्टरची पाकिटं आण. पीव्हीसीची नको. वास घेऊन बघ, रेनकोटसारखा वास आला तर घेऊ नकोस.

दिल्लीत मी विसरलो.
ग्वाल्हेरला उतरल्यावर आठवलं. टोपी बाजारात एका दुकानातून साधी प्लास्टिकची पाकिटं उचलली आणि हरिशंकरपुरमला तिच्या घरी गेलो.

तिनं एक पाकीट नाकाशी धरलं.
"वास येतोय रे याला."
"नवीन आहे ना आत्या, जाईल. तू सांगितलंस तेच आणलंय. एकदम सही चीज आहे."

चष्मा लावून, हात धुऊन, ती दुपारभर एकेक नोट आत सरकवत बसली. मी समोर बसून चहा प्यायलो.

ग्वाल्हेरचे तीन उन्हाळे गेले.

मग एका भाऊबीजेला तिनं अल्बम उघडला. प्लास्टिकला घाम फुटल्यासारखं झालं होतं. नोटा तेलकट, चिकटलेल्या. एक ओढून काढली तर रंग प्लास्टिकवर राहिला, हातात पुसट कागद आला.

मी सुट्टीवर आलेलो होतो. तिला घेऊन इंदरगंजला तिच्या ओळखीच्या, जुन्या नोटा विकणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी पाकीट बोटांनी चोळलं, वास घेतला, आणि विचारलं, "दीदी, ये प्लास्टिक कौन लाया?"



आत्या म्हणाली, "प्लास्टिक तो सही है भैया, लड़का दिल्ली से लाया है. मैंने ही अलमारी तेज़ धूपवाले कमरे में रखी थी."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. मी मोबाईल काढून बघायला लागलो.

त्यानंतर आत्यानं अल्बम कुणाला दाखवला नाही. नोटा जमवणंही बंद केलं. मी दर भेटीत ठरवायचो, आज सांगू. मग ती गरम पोळी वाढायची आणि राहून जायचं.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये तिनं मला जवळ बसवून घेतलं. आवाज फार बारीक झाला होता.

"तुझ्या बाबांनी दिलेल्या नोटा मला सांभाळता नाही आल्या रे. मनात धरू नकोस."

तेव्हा तरी बोलायचं.
मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "असू दे आत्या."

माझ्या चुकीसाठी मी तिला माफ करून आलो.

आज मुक्तिधाम स्मशानातून परतल्यावर तिच्या मुलाला, मुकुंददादाला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा गेल्यावर आई भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची. त्या दिवसापासून तेही केलं नाही. म्हणायची, कोणत्या तोंडाने करू."

हे मला माहीत नव्हतं.

तुमच्या घरी कुणी अशा नोटा जपल्या असतील तर मऊ, वासाच्या प्लास्टिकमध्ये ठेवू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको. आणि कुणी नेमकं काही आणायला सांगितलं, तर तेच आणा. नाही आणलं तर नाही आणलं म्हणा.

लाइक, कमेंट नको. माझं कौतुक तर नकोच.

आत्या, तू काहीही खराब केलं नव्हतंस.
नमस्कार करतो. शांतपणे जा.