एकोणिसावा रिव्हेट

आयुष्यभर दुसऱ्यांच्या दातांच्या कवळ्या घडवल्यामुळे गल्लीत सगळे त्यांना कवळीमास्तर म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी उडणारी छोटी रॉकेटं करायला घेतली. कवळी निदान बशीत तरी राहते, हे रॉकेट आभाळात जाऊन बाभळीत अडकतं, असं शेजारी म्हणत. मास्तरांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

खऱ्या रॉकेटच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती उडवायच्या यंदाच्या स्पर्धेसाठी त्यांनी ताईचं रॉकेट निवडलं होतं. आई गेल्यावर याच थोरल्या बहिणीने त्यांना वाढवलं, आणि त्यासाठी रॉकेटच्या कारखान्यात पत्रे जोडले. तिथल्या एका रॉकेटच्या शेपटाजवळच्या पट्टीचे चाळीस रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे गोल डोक्याचे खिळे, तिने एकटीने ठोकले होते. आता तिला अजिबात दिसत नव्हतं.

मास्तरांनी रिव्हेट म्हणून सुईच्या टोकाने डिंकाचे हजारभर थेंब ठेवले, अगदी मापात, खऱ्याच्या तिसाव्या भागाइतके. वर रंगाचे तीन हात दिले. मग मोठ्या तोऱ्यात रॉकेट ताईच्या मांडीवर ठेवलं. ‘‘ताई, हे बघ तुझे रिव्हेट.’’

हातोडी धरून घट्टे पडलेली तिची बोटं वरखाली फिरली.

‘‘छान गुळगुळीत केलंयस रे,’’ ती म्हणाली.

मास्तरांना कळलं. तिच्या बोटांना काहीच जाणवलं नव्हतं, आणि ती त्यांचं मन राखत होती. उडताना रॉकेट मोडलं तर पुन्हा हात लावायलाही उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती एक पट्टी खरवडून काढली आणि मोहरीएवढे चाळीस थेंब नव्याने ठेवले. शेपूट जड झालं, तेव्हा रॉकेटने हवेत गोते खाऊ नयेत म्हणून त्याच्या नाकात चिकणमाती भरली. तीन वर्षं दुसऱ्या नंबरावर अडकलेला माणूस हातातोंडाशी आलेला पहिला नंबर असा घालवत होता. आणि मजा म्हणजे काम करताना शीळ घालत होता.

मैदानावर परीक्षक बाई भिंग घेऊन वाकल्या. ‘‘काका, बाकीचं काम काय सुरेख आहे! पण ही पट्टी? हे तर ठोकळे झालेत. आणि हा एक तिरका बसलाय. तुम्ही जोडलेल्या खऱ्या रॉकेटच्या फोटोत तर तसा नाहीये.’’

‘‘फोटो दुसऱ्या बाजूचा आहे.’’

‘‘मग पुरावा?’’

मास्तरांनी मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसलेल्या ताईकडे बोट दाखवलं. बाईंना काही उलगडा झाला नाही. त्यांनी गुण कापले, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

उडवण्याआधी मास्तरांनी रॉकेट ताईच्या हातात दिलं. पत्र्याच्या जोडापासून तिचं बोट निघालं. ओठ पुटपुटायला लागले. सतरा, अठरा... एकोणिसाव्यावर बोट थांबलं.

‘‘हा तिरका आहे,’’ ती म्हणाली.

‘‘होता ना तसा?’’

मास्तर शाळकरी पोर असताना एका रात्री त्यांच्या उशाशी बसून तिने एकदाच हे सांगितलं होतं. हात निसटून एक रिव्हेट तिरका बसला, तपासणीत पास झाला, पण तिचं समाधान झालं नाही. खरं रॉकेट वर जाईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

‘‘तुझ्या अजून लक्षात आहे?’’ तिने विचारलं. ‘‘मला वाटलं, तू झोपला होतास.’’

‘‘तू जेवत नव्हतीस. मला कुठली झोप लागणार?’’

तिने रॉकेट परत दिलं. मास्तरांनी बटण दाबलं. फुस्सकन धूर निघाला आणि रॉकेट सरळ वर गेलं. ताईने मान वर केली, उगाचच, सवयीने.

‘‘टिकला का रे?’’

पॅराशूटच्या छोट्या छत्रीला लटकत रॉकेट गवतात उतरलं. मास्तर वय विसरून धावत गेले आणि पट्टीवरून अंगठा फिरवत आले.

‘‘टिकला, ताई. याही वेळी टिकला.’’

ताईने पदराने डोळे पुसले आणि सकाळपासून बंद असलेला जेवणाचा डबा उघडला.