पायाळू

मी पायाळू. म्हणजे जन्मताना आधी माझे पाय बाहेर आले, डोकं मागून. आमच्या माणमधल्या वस्तीवर याचा पहिला फायदा शेजाऱ्यांना झाला. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो आमच्या अंगणात पालथा पडायचा आणि मी त्याला लाथ घालायचे. थोरामोठ्यांना लाथा घालून वर शेंगा-गूळ मिळवणारी वस्तीत मी एकटीच होते.

पण पायाळूला जमिनीतलं धनही दिसतं म्हणतात. हे दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोक्यात शिरलं आणि घराला साडेसाती लागली. आमच्या रानात कुणा पूर्वजानं मोहरांचा हंडा पुरलाय, हे ते लहानपणापासून ऐकत आलेले. मी आठ वर्षांची झाल्यावर त्यांनी जतकडून एक देवरुषी आणला. भर दुपारी मला रानात उभं केलं आणि त्यानं माझ्या दोन्ही डोळ्यांत काळं अंजन घातलं. तिखट कांडताना डोळ्यात उडावं तशी आग झाली.

"दिसलं का गं?" दादांनी विचारलं.

"न्हाई."

"आजून घाला," दादा देवरुष्याला म्हणाले.

हे दोन शब्द मी त्यांना कधीच माफ केले नाहीत. तिसऱ्यांदा बोट डोळ्याशी आलं तेव्हा मी हात लांब करून ओरडले, "दिसलं! तितं हाय!" माझे डोळे मिटलेले होते. हात कुठं गेला ते दादांनी पाहिलं, मी नाही.

हात गेला होता तालीकडे. ताल म्हणजे रानाच्या उताराला घातलेला मातीचा मोठा बांध. आमच्याकडे पाऊस पडतो तो थोडका. तो तालीमागे थांबतो, माती धरून ठेवतो, म्हणून ज्वारी येते. आजोबांनी ती ताल हयातभर पाट्या वाहून घातली होती.

दादांनी ती खणायला घेतली. पेरणीही राहिली. आई तालीवर जाऊन बसली. "आवं, ही फुटली तर खायाचं काय?"

"पोरीला दिसलंय," दादा म्हणाले.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण खरं सांगितलं असतं तर पुन्हा अंजन होतं. मी भ्याले आणि गप्प बसले.

हंडा निघाला नाही. परतीच्या पावसात ताल मात्र फुटली. एका दुपारीत सगळी माती ओढ्याला गेली आणि खाली उघडा मुरूम राहिला. आई तासगावकडं द्राक्षबागांत मजुरीला जायला लागली, ती मरेपर्यंत जातच राहिली. माझ्या उजव्या डोळ्याला तेव्हापासून धूसर दिसतं.

गेल्या वर्षी सांगलीला मला मुलगी झाली. पोटात तिचे पाय खाली होते, म्हणून सिझर करावं लागलं. दादा टोपडं घेऊन बघायला आले. थकलेत आता. नातीला मांडीवर घेतलं, तिच्या तळव्यांवरून अंगठा फिरवला आणि हळूच विचारलं, "पायाळू हाय का गं?"

त्या दिवशी रानात मला काहीच दिसलं नव्हतं, हे त्यांना एकदा सांगायचं मी कितीतरी वर्षं ठरवत होते. तोंडाशी आलेलं गिळलं.

"न्हाई," मी म्हणाले.

दादांचा चेहरा पडला. मी मुलगी त्यांच्या मांडीवरून काढून घेतली.