शिंगाच्या रंगाचं कासव

बहात्तर सालात तळं आटलं, तवा कासवं कुठं जातात, ह्याचा पुंजाजीले भलता घोर. दुष्काळात लोक त्यायले वाटंतच धरून खात होते. कुठं जाते ते वळखू यावं म्हनून त्यानं एका कासवाच्या पाठीवर पोळ्याचा उरलेला, बैलाच्या शिंगाचा लाल रंग फासला.

थोड्याच दिसांत ते गावातल्या कमलीबाईच्या वावरात सापडलं. देव निंगाला म्हनून तिनं त्याले कुंकू वाह्यलं.

"तोंड कुठं होतं त्याचं?" पुंजाजीनं इचारलं.

"नदीकडं. काहून रे?"

खरं सांगतलं तं कासव चुलीवरच्या गंजात शिजन. बौद्ध झाल्यापासून कोन्या देवाले हात न जोडलेला पुंजाजी बोलला, "मंग देवाले नदीवर पोचोव ना, माय!"

कमलीबाई वाजतगाजत निंगाली.

तवापासून पुंजाजी लाल रंग बैलायले कमी अन् कासवायलेच जास्त लावते.