मेंढीच्या गोळ्या

मार्कंड्याजवळच्या एका गावात लटारू राहत असे. घाबरट म्हणावं तर पहिला नंबर याचाच! कोणी मोठ्यानं खाकरलं तरी हा खाटेवरून उठून उभा. पण बायकोवर त्याचा जीव किती, ते विचारूच नका. धानाच्या रोवणीला भागीरथा शेतात उतरली की सगळ्या बांधीत तिच्याच गाण्याचा आवाज, आणि हा धुऱ्यावर, शेताच्या कडेला बसून ऐकत राही.

चौपन्न साली तिला काय झालं देव जाणे. तोंड सुजलं, आवाज घोगरा झाला. भर उन्हात गोधडी पांघरून बसायची. बायका म्हणाल्या, आळसावली! लटारूनं तिला डोंग्यातून वैनगंगेपार नेलं, पुढे बैलगाडीनं चांद्याला. डॉक्टरांनी गळा चाचपला.

"हिच्या गळ्यातली ग्रंथी निकामी झाली आहे. मेंढीच्या ग्रंथीच्या या गोळ्या रोज द्यायच्या, जन्मभर. काळीज नाजूक आहे हिचं. दुसरं कोणतंही औषध घ्याल, अगदी खोकल्याचं घ्याल, तरी आधी या गोळ्यांचं सांगा. काही औषधांनी छाती फार धडधडते, ते हिला झेपणार नाही."

मेंढी! लटारूचं घराणं महानुभाव पंथाचं, उपदेश घेतलेलं. घरात कधी अंडं आलं नव्हतं. "ताकदीच्या गोळ्या हायेत," एवढंच त्यानं भागीरथेला सांगितलं. पुढच्या रोवणीला ती बांधीत उभी राहून गायली, तेव्हा हा गडी सगळ्यांदेखत ढसढसा रडला.

दोन वर्षांनी ऐन थंडीत तिला खोकला लागला. लटारू रिकामी बाटली घेऊन जवळच्या दवाखान्यात गेला. कंपाउंडरनं विचारलं, "दुसरं काही औषध सुरू हाय काय तिले?"

मागे रामाजी उभे होते. पंथातले जाणते, सगळं गाव त्यांचा शब्द मानी. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मेंढीचं नाव यांच्या कानी गेलं तर वाळीतच टाकतील, लटारूच्या मनात आलं.

"नाई," तो म्हणाला.

कंपाउंडरनं औषध भरलं, बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली. अरे, एक शब्द बोलला असता तर त्यानं दुसरं औषध दिलं असतं! दुसऱ्या दिवशी दुपारी भागीरथेनं नवऱ्याचा हात छातीवर दाबून धरला. "माह्यी छाती पळून राह्यली जी." लटारूनं बाटली फेकली, गाडी जुंपली. नदीच्या काठी डोंगा येईपर्यंत ती गेली.

वर्षभर त्याला घास गोड लागला नाही. शेवटी रामाजींच्या ओसरीवर जाऊन त्यानं सगळं ओकून टाकलं. म्हटलं, आता वाळीत टाकतील तर टाकोत.

म्हातारा म्हणाला,

"औषधच होतं ना गा ते? काऊन नाई बोलला? त्या दिशी माह्या हातात नातवासाठी माशाचं तेल होतं. तू पाहशीन म्हणून फडक्यात गुंडाळलं होतं."