सत्तावीस नंबरचं उत्तर

मी नेटवर्कचं शिकवतो. नंदुरबारात, मिरचीच्या गोदामावरच्या माडीत, जिथे विद्यार्थी आधी शिंकतात आणि मग हजेरी देतात. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बंद पडलेली यंत्रं वीस वर्षं चालू करत आलेल्याला तसले शौक परवडत नाहीत. तरी प्रमिलाबाईंचं जे पाहिलं ते सांगतो; हसायचं तर खुशाल हसा.

कोरीटच्या प्रमिलाबाई आमच्या सहा महिन्यांच्या कोर्सला आल्या तेव्हा चाळिशीला टेकल्या होत्या. बाकी सगळी पोरं-पोरी विशीतली. त्यांचे यजमान हेमकांत इथल्या एका कॉलेजात नेटवर्क सांभाळायचे. आमच्या लॅबची वायरिंगही त्यांचीच. दोन वर्षांपूर्वी धानोऱ्याच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं, जागीच गेले. कॉलेजवाले बाईंना म्हणाले, सर्टिफिकेट आणा, त्यांच्या जागी तुम्हाला घेतो, पण जूनच्या पुढे थांबणार नाही. बाई पाठ करून यायच्या. वायरी बांधायच्या त्याही अगदी हेमकांतसारख्या, दर वितीला एक गाठ.

शेवटची परीक्षा सोपी वाटते, असते अवघड. लॅबमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नंबर असतो. आपल्या कॉम्प्युटरवरून त्या नंबराला हाक मारायची, आम्ही त्याला पिंग करणं म्हणतो. यंत्र चालू असेल तर उत्तर येतं. जो नंबर उत्तर देईल त्याचं यंत्र शोधून नकाशावर दाखवायचं. एक जरी नंबर बेवारस राहिला तरी नकाशा रद्द, आणि पुढची परीक्षा थेट दिवाळीत.

आमच्याकडे कॉम्प्युटर सव्वीस. सरावाच्या दिवशी बाईंच्या नकाशावर सत्तावीस आकडे होते.

मी आधी बाईंवरच चिडलो. मग स्वतः हाक मारून पाहिली. बाकीचे नंबर हाकेसरशी ओ देतात. हा थोडा उशीर लावायचा, शेवटच्या खोलीतून कुणी उठून दार उघडायला यावं तेवढा. मी एकेक कॉम्प्युटर बंद केला. सगळ्यांच्या वायरी उपसल्या. जिथे वायरी एकत्र येतात तो डबा बदलला. शेवटी टेबलावर बाईंचा एक कॉम्प्युटर आणि तो कोरा डबा, एवढंच उरलं. मी पुन्हा हाक मारली. उत्तर आलं.

मी भरदुपारी दिवा लावून टेबलाखाली पाहिलं.

बाई मात्र शांत होत्या. भिंतीवर वायरिंगच्या वेळचं नंबरांचं रजिस्टर टांगलेलं होतं, ते त्यांनी उघडून दाखवलं. हेमकांतच्या अक्षरात शेवटची ओळ: २७ – हेमकांत. तपासणीचा त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर ते जिथे जातील तिथे याच नंबरवर चालवायचे. लग्नाची तारीख.

"तीन महिना व्हयनात, सर. रोज जेवनना टाइमले मी हाक मारस. जवाब येस."

"आणि मला आज सांगताय? नापास व्हशात तुम्ही! मंगळवारी परीक्षक येणार शे."

"माले माहीत शे." मग खाली बघून म्हणाल्या, "मन्हीच चूक शे. आखाजीले मी त्यास्नं नाव लिधं नही."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या भागात पितरांच्या नावाने घागर भरतात. सकाळी उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत घरातल्या गेलेल्यांची नावं घेतात. ज्याचं नाव घेतलं तो पितरांत बसला. गेल्या वर्षी बाईंनी सासऱ्यांचं बोट ओढलं, आजेसासऱ्यांचं ओढलं, आणि हात धुऊन उठल्या. नवऱ्याचं बोट ओढायला मन धजलं नव्हतं. यंदाची आखाजी रविवारी होती. मी कुणाला नाव घ्या म्हणून सांगणारा कोण? मी जाकीर, माझ्या घरी घागर भरत नाहीत. बाईंची मला फार दया आली.

रविवारी सुट्टी असूनही मी लॅब उघडली. सत्तावीसला सतत हाक मारत ठेवली आणि समोर बसलो. ओळीमागून ओळ उत्तर येत होतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी ते थांबलं. मी दुपारपर्यंत बसलो. पुन्हा आलं नाही.

सोमवारी बाई आल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "कितीले बंद पडनं?"

"नऊ दहाले."

त्यांनी मान हलवली. "तव्हयच बोट ओढं." आणि टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडल्या.

मंगळवारी बाईंच्या नकाशावर सव्वीसच आकडे होते; परीक्षकांनी रजिस्टरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हा सत्तावीस कुठे? बाई शुद्ध भाषेत म्हणाल्या, "रिकामा आहे, साहेब." परीक्षकांनी स्वतः तपासलं. चार वेळा उत्तर नाही. पास.

जुलैत मी त्या कॉलेजात गेलो होतो. बाईंनी चहा मागवला. त्यांचं नवं रजिस्टर सहज चाळलं. शेवटची ओळ होती, २७ – प्रमिला.

"हाऊच नंबर कसाले लिधा?" मी विचारलं.

बाईंनी रजिस्टर माझ्या हातून घेतलं आणि मिटून ठेवलं.

"तीन महिना मी हाक मारी, तं त्यास्नी रोज जवाब दिधा. आते त्यास्नी हाक मारी तं जवाब देवाले कोनी जोयजे ना, सर."