उचललेला बेलभंडारा

धरणाचं पाणी चढलं की आमची वस्ती बेट होते. चारी बाजूंनी पाणी, मध्ये टेकाडावर वीसेक घरं. ये-जा एका डोंग्यातून. गेल्या ग्रामपंचायतीला आई मेंबरसाठी उभी राहिली ती एवढ्याचसाठी, की वस्तीला इंजिनाची बोट मिळावी. बाळंतपणाची बाई डोंग्यातून नेताना तिनं एकदा पाहिली होती. त्याबद्दल ती फार बोलत नसे, पण फॉर्म मात्र भरला.

मी नांदुऱ्याला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. वस्तीवर परतले तेव्हा माझं बोलणं सगळ्यांना पुस्तकी वाटायचं, म्हणून मी कमीच बोलायचे.

मतदानाच्या दोन दिवस आधी शेजारच्या काकूकडे विरजण आणायला गेले, तर आत बायका दाटीनं बसलेल्या. समोरच्या काठावरची बाई आईविरुद्ध उभी होती, तिचा नवरा आला होता. ताटात बेलाचं पान, वर हळदीचा भंडारा. एकेक बाई तो हातात घेऊन शपथ घेत होती, मत त्याच्याच बायकोला देईन म्हणून. काही जणींचे नवरे त्याच्या शेतावर कामाला जात. ताट माझ्यापुढे आलं.

"मी... नको," मी म्हणाले, पण ते मलाच नीट ऐकू आलं नाही.

तो हसला. "तुम्ही इंग्लिश शाळेतल्या बाई. तुमचा इस्वास नसन. मंग उचलायले काय जाते?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी उचलला. विरजण घ्यायचं राहून गेलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"काऊन उचलला?"

"नाही म्हणता आलं नाही."

"उचलला ना, मंग आता त्याइलेच दे."

"आई, असल्या शपथेला काही अर्थ नसतो."

"तुह्यासाठी नसन. हात तं तुहाच होता ना? देवाले फसवून मले मेंबर नाही व्हायचं."

मी तव्यावरची भाकरी उलटली. मतदानाला डोंग्यातून पलीकडच्या शाळेत गेलो. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी एकटीच होते. आईचं चिन्ह समोर होतं, माझं बोट कुठे जातंय ते कुणालाच दिसणार नव्हतं. तरी मी दुसरं बटण दाबलं. श्रद्धेनं नाही. नाही म्हणणं मला त्या घरात जमलं नव्हतं आणि आईपुढेही जमलं नाही, एवढंच.

आई एका मतानं पडली. माझं मत तिला पडतं तर ती एकानं निवडून येती. हे कळायला हिशेब लागत नाही.

तहसीलच्या मोजणीवरून ती दुपारी परतली तेव्हा बायका अंगणात जमल्या होत्या. काकू कपाळावर हात मारत होती.

"असं कसं झालं व माय? आम्ही साऱ्याइनं उचलला, अन् साऱ्याइनं तुलेच देल्लं!"

"अन् शपथ?" आईनं विचारलं.

"मारोतीले मतदानाच्या सकाळीच नारळ फोडून सांगितलं. म्हटलं, बाप्पा, वरतून हो म्हणून राह्यलो, माफ कर. त्याले का आमच्या घरचं ठाऊक नाही?" बायका हसल्या. मग काकूचा आवाज चढला. "पण एकाच मतानं गेली, म्हंजे एकीनं मत फोडलं. कोन ती, सापडू दे फक्त!"

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. पायांवर पाणी घेतलं, पदरानं तोंड पुसलं.

"जाऊ द्या व. तिचाही काही इलाज नसन," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "चहा ठेव बाई, साऱ्याइले."

मी आत गेले. बाहेर फुटलेलं मत कुणाचं यावर वाद सुरू झाला. एकेका घराचं नाव निघत होतं आणि खोडलं जात होतं. आमच्या घराचं कुणीच घेतलं नाही.